गणेशखिंड : एका आवाराचा इतिहास कसा वाचावा?

इतिहास म्हणजे सनावळ्या, हे समीकरण मुलांच्या मनात घट्ट बसलेले असते. त्याला आपणही हातभार लावतो. एखाद्या संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिकेत 'वाटचालीतील टप्पे' अशी एक चौकट छापली जाते. स्थापना अमुक साली, नवी इमारत तमुक साली, मग विस्तार, मग नामांतर. चौकट वाचून होते आणि मनात काहीच उरत नाही.

रस्त्याकडेचा मैलाचा दगड आपण किती अंतर चालून आलो ते सांगतो. रस्ता कोणी बांधला, त्याने या टेकडीला वळसा का घातला, तो आधी कोणासाठी होता, हे त्या दगडावर लिहिलेले नसते. ते आपल्याला विचारावे लागते. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना असे प्रश्न विचारायला शिकवतो. मग इतिहासाच्या बाबतीत ती सवय बाजूला का ठेवायची?

या लेखात आपण एका सार्वजनिक विद्यापीठाच्या आवाराचा इतिहास याच सवयीने पाहणार आहोत. आवार आहे पुण्याच्या गणेशखिंडीतले, आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जिथे आहे ते. प्रत्येक टप्प्याला आपण तीन प्रश्न विचारू. हे का घडले? तेव्हाच आणि तिथेच का घडले? आणि त्याची कोणती खूण आज डोळ्यांना दिसते? पुढे जाता जाता चौथाही एक प्रश्न आपल्यासमोर येईल, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पायाखालचा दगड

सुरुवात अगदी खालून करू. गणेशखिंडीत कुठेही खणले तरी थोड्या मातीखाली काळा दगड लागतो. हा बेसाल्ट, म्हणजेच आपला काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. थरावर थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. पुण्याभोवतीच्या टेकड्यांना पायऱ्या-पायऱ्यांचा आकार आहे, तो या थरांमुळेच.

दोन टेकड्यांमधली वाट म्हणजे खिंड. गणेशखिंड हे नाव मुळात भूगोलातून आले आहे. खिंड आणि तिच्यापुढचे मोकळे मैदान लष्करी दृष्टीने मोक्याचे असते. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशवे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात खडकीची लढाई झाली, ती याच परिसरातल्या मैदानावर. त्या लढाईनंतर काही दिवसांतच पुणे इंग्रजांच्या हाती गेले. पुढे खडकीला त्यांची लष्करी छावणी झाली. गव्हर्नरने आपल्या निवासासाठी या बाजूची जागा पसंत केली, त्यामागे छावणीची ही जवळीक लक्षात घ्यायला हवी.

कापूस, रेल्वे आणि गव्हर्नरचा बंगला

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईत, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्यात राहत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचे पुण्यातले निवासस्थान पवनेच्या काठी दापोडीला होते. तिथे सरकारी वनस्पती उद्यानही होते. डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे १८३८ पासून त्याचे प्रमुख होते. तिथल्या वनस्पतींची चित्रे त्यांनी १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून काढून घेतली. ही चित्रे आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

सर बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी दापोडी सोडून गणेशखिंडीत नवा प्रासाद बांधायला घेतला. काम १८६४ मध्ये सुरू झाले आणि १८७१ मध्ये पूर्ण झाले. वास्तुविशारद होते जेम्स ट्रबशॉ. आज विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखली जाते ती हीच. काळ्या दगडाचे बांधकाम, लांबच लांब कमानी आणि त्यांच्यावर उंच मनोरा अशी तिची ठेवण आहे.

आता दुसरा प्रश्न. हे १८६४ मध्येच का? उत्तरासाठी अमेरिकेत जावे लागते. १८६१ ते १८६५ या काळात तिथे यादवी युद्ध चालू होते. दक्षिणेकडच्या राज्यांतला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. त्यांनी भारताकडे मोर्चा वळवला आणि कापसाचे भाव कडाडले. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६३ मध्ये बोरघाटातला लोहमार्ग खुला झाला आणि मुंबईहून पुण्यापर्यंत सलग आगगाडी धावू लागली. पैसा होता, प्रवासाची सोय झाली होती. मोठी बांधकामे हाती घ्यायला हा काळ अनुकूल होता.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतले अनेक व्यापारी व बँका बुडाल्या. गणेशखिंडीचे बांधकाम मात्र चालूच राहिले. त्याचा खर्च इतका वाढला की थेट लंडनमध्ये त्यावर टीका झाली. तरी इमारत उभी राहिली. कापसाच्या त्या तेजीची आणखी एक प्रसिद्ध खूण मुंबईत आहे. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याच्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पूर्ण झाला. म्हणजे त्याच तेजीच्या काळात मुंबईत एका व्यापाऱ्याचा पैसा विद्यापीठाकडे गेला आणि पुण्यात सरकारचा पैसा राज्यकर्त्याच्या निवासाकडे. भूगोलाच्या तासाला कापसाचे पीक शिकवताना या दोन इमारतींची आठवण जरूर काढावी.

१८९७ : एक वर्ष, दोन नोंदी

चौथा प्रश्न उभा राहतो तो या टप्प्यावर. या आवारात प्रवेश कोणाला होता?

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि लवकरच पुण्यात पोहोचला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांसंबंधी कायदा केला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. रोग्याला रुग्णालयात, घरच्यांना वेगळ्या छावणीत, सामानाची जाळपोळ, जमिनी उकरणे, भिंतींना चुना असा कार्यक्रम सुरू झाला. स्वयंपाकघर आणि देवघरही त्यातून सुटले नाही.

विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थोडे थांबावे. प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये सापडला होता. पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे १८९७ मध्ये ठाऊक नव्हते. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, असे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत केलेल्या प्रयोगांवरून १८९८ मध्ये मांडले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ ची सगळी सक्ती रोगाचा वाहक कोण हे माहीत नसताना चालली होती. सक्ती होती, पुरेसे ज्ञान नव्हते, आणि ज्यांच्या घरात शिरायचे त्यांचा विश्वास मिळवण्याचा प्रयत्नही पुरेसा झाला नाही.

गाव असे होरपळत असताना २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या प्रासादात मेजवानी झाली. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे पूर्ण झाल्याचा हा समारंभ. त्या रात्री तिथून परतताना गणेशखिंड रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर यांनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मरण पावला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. बाळकृष्ण आणि वासुदेव हे त्यांचे भाऊ आणि सहकारी महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये फाशी झाली.

ही घटना पाठ्यपुस्तकात असते. त्याच वर्षीची, त्याच प्लेगची दुसरी नोंद मात्र सहसा तिच्याशेजारी ठेवली जात नाही. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या परिसरात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला होता. प्लेग झालेल्या एका मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन तिथे आणले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. शुश्रूषा करता करता त्यांना स्वतःला प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्रासादातल्या मेजवानीला तेव्हा साडेतीन महिने अवकाश होता.

या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. १८९७ मध्ये गणेशखिंडीच्या त्या दारातून कोण आत जात होते आणि पुण्याचा बाकी समाज कुठे होता, ते स्पष्ट दिसते. ही गोष्ट आपण लक्षात ठेवू, कारण लेखाच्या शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

मध्येच एक छोटी पण बोलकी घटना सांगायला हवी. प्लेगवरची लस वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लशीचे काम वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. तेव्हा १८९९ मध्ये परळ येथील गव्हर्नरचे जुने निवासस्थान त्या प्रयोगशाळेला देण्यात आले. आजची हाफकिन संस्था ती हीच. प्लेगचा प्रसार पिसवांमार्फत होतो, हे पक्के करणारे प्रयोगही पुढे तिथेच झाले. गव्हर्नरचा बंगला ज्ञानाच्या कामी येऊ शकतो, हे परळने गणेशखिंडीच्या पन्नास वर्षे आधी दाखवून दिले होते.

१९४९ : बंगल्यात विद्यापीठ

पुण्यातली महाविद्यालये फार पूर्वीपासून नावाजलेली होती, पण ती १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ हवे, ही मागणी अनेक वर्षे चालली. तिचा विचार करण्यासाठी १९४२ मध्ये बॅ. मु. रा. जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. स्वातंत्र्यानंतर, १० फेब्रुवारी १९४८ रोजी, मुंबई विधिमंडळात पुणे विद्यापीठाचा कायदा संमत झाला. जयकर पहिले कुलगुरू झाले.

विद्यापीठ कागदावर आले, पण त्याला बसायला जागा नव्हती. सुरुवातीचे कार्यालय भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेतला आणि गणेशखिंडीची जागा विद्यापीठाला मिळाली. १ जून १९४९ पासून विद्यापीठ तिथे आले. ४११ एकरांचे आवार, त्यात गव्हर्नरचा प्रासाद. मूळ जागेचा काही भाग राजभवन म्हणून शेजारी राहिला, तो आजही आहे.

तेव्हाच का, याचे उत्तर इथे सोपे आहे. सत्ता बदलली होती आणि राज्यकर्त्यांच्या ऐसपैस निवासांचे काय करायचे हा प्रश्न देशभर होता. पण उत्तर ठरलेले नव्हते. ती जागा विकता आली असती, सरकारी कार्यालयांना देता आली असती, पाहुण्यांसाठी राखून ठेवता आली असती. ती विद्यापीठाला मिळाली, हा कोणीतरी विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. मुलांना इतिहास शिकवताना हे जरूर सांगावे. घडून गेलेली गोष्ट नंतर अटळ वाटते, पण त्या वेळी तिला पर्याय असतात.

सुरुवातीला विद्यापीठाच्या कक्षेत १२ जिल्हे होते. १९४९-५० मध्ये महाविद्यालये होती अवघी १८, विद्यार्थी ८ हजारांहून थोडे अधिक. बारा जिल्ह्यांत अठरा महाविद्यालये, म्हणजे सरासरीने एका जिल्ह्याला दीड. खेड्यातल्या मुलाला, आणि मुलीला तर त्याहून जास्त, महाविद्यालय किती लांब होते याचा अंदाज या भागाकारावरून येतो. पुढे महाविद्यालये वाढली तशी कक्षा आकसत गेली. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि पुण्याकडे पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) आणि नाशिक हे तीन जिल्हे राहिले. हे आकसणे म्हणजे घट नव्हे. विद्यापीठ विद्यार्थ्याच्या गावाच्या जवळ सरकले, असा त्याचा अर्थ घ्यायला हवा.

विभागांची वर्षे

१९५० मध्ये ग्रंथालय सुरू झाले. जयकर ग्रंथालय म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. एकेक पदव्युत्तर विभाग उभा राहू लागला. स्मरणिकेच्या चौकटीत या काळाला एखादी ओळच मिळते, कारण विभाग वाढण्याला फीत कापण्यासारखा क्षण नसतो. विद्यापीठ खऱ्या अर्थाने घडते ते मात्र याच काळात.

तीन नावे पाहू. डॉ. त्र्यं. शं. महाबळे यांनी वनस्पतिशास्त्र विभागाची धुरा वाहिली. दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली आणि नंतर नवा लाव्हा येऊन ती गाडली गेली. अशा वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास हा महाबळ्यांच्या कामाचा एक महत्त्वाचा भाग होता. लेखाच्या सुरुवातीला आपण ज्या काळ्या दगडावर उभे होतो, त्याच दगडाच्या थरांमधली ही झाडे. प्रा. व. शं. हुजूरबाजार यांनी १९५३ पासून सुमारे दोन तपे गणित आणि संख्याशास्त्राचा विभाग घडवला. रसायनशास्त्रात डॉ. हरी जीवन अर्णीकर यांनी अणुरसायनाच्या अध्ययनाला बैठक दिली आणि त्या विषयावर पाठ्यपुस्तक लिहिले. १९५६ मध्ये जयकरांनंतर कुलगुरूपदी आले रँग्लर र. पु. परांजपे. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ मध्ये पहिले येऊन 'सीनियर रँग्लर' होणारे ते पहिले भारतीय.

१९८८ : शेजारधर्म

यानंतरचा मोठा टप्पा १९८८ च्या सुमाराचा. आवारात स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आल्या. पेशींच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आले. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा आपला महासंगणक आपणच बांधायचा म्हणून सी-डॅक ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार केला. त्यामागची कल्पना कोणत्याही शिक्षकाला लगेच समजेल. पेपरांचा गठ्ठा एकाच शिक्षकाला देण्याऐवजी दहा जणांत वाटला की काम लवकर संपते, मात्र वाटणी आणि बेरीज नीट व्हायला हवी. परममध्ये अनेक प्रक्रियक असेच वाटून घेऊन एकाच वेळी काम करत.

१९८८ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाने 'आयुका' हे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे आंतरविद्यापीठीय केंद्र स्थापन केले. त्यामागे आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रा. यशपाल यांचा पुढाकार होता. डॉ. जयंत नारळीकर संस्थापक संचालक झाले. विचार सरळ होता. महागडी उपकरणे, नियतकालिके आणि तज्ज्ञ प्रत्येक विद्यापीठाला परवडत नाहीत. मग एकच केंद्र चांगले उभारावे आणि देशातल्या सर्व विद्यापीठांच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी ते वापरावे. शेजारीच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आले. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतली महाकाय रेडिओ दुर्बीण पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला उभी राहिली. तिच्यात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. शहरातल्या रेडिओलहरींच्या गोंगाटापासून दुर्बीण दूर हवी, आणि तिने टिपलेल्या माहितीचा अभ्यास करणारी माणसे विद्यापीठाजवळ हवीत, म्हणून अशी विभागणी केली आहे.

आयुकाची इमारत चार्ल्स कोरिया यांची. तिच्या भिंती खाली स्थानिक बेसाल्टच्या, त्यावर अधिक काळ्या कडप्प्याच्या आणि माथ्यावर चकाकत्या काळ्या ग्रॅनाइटच्या आहेत. जमिनीपासून आकाशाकडे काळेपणा वाढत जातो. पायाखालचा दगड इथेही दिसतोच.

तीन दिवसांचा झोका

आयुकाच्या इमारतीत फुकोचा लंबक टांगलेला आहे. तो डोलत असताना त्याच्या डोलण्याची दिशा हळूहळू वळत जाते. वस्तुतः त्याच्याखालची पृथ्वी फिरत असते. लिओं फुको यांनी १८५१ मध्ये पॅरिसमध्ये हा प्रयोग लोकांसमोर केला होता.

ध्रुवावर ही दिशा तासाला १५ अंश वळेल. विषुववृत्तावर ती मुळीच वळणार नाही. मधल्या ठिकाणी १५ ला त्या जागेच्या अक्षांशाच्या साइनने गुणायचे. पुण्याचा अक्षांश सुमारे साडेअठरा अंश, त्याची साइन ०.३१७. गुणाकार येतो सुमारे ४.८ अंश. म्हणजे एक पूर्ण फेरी व्हायला ७५ तासांच्या आसपास लागतात, तीन दिवसांहून थोडे जास्त. नागपूरला तासाला सुमारे ५.४ अंश आणि पणजीला सुमारे ४ अंश येतील. दहावीत त्रिकोणमिती शिकणाऱ्या मुलांनी आपल्या गावाचा आकडा काढावा. बंद खोलीत, आकाशाकडे न पाहता, आपण कोणत्या अक्षांशावर आहोत हे लंबक सांगतो, ही गोष्ट मुलांना थक्क करते.

वर्गात मोठा लंबक टांगणे अवघड असते. तेव्हा फिरत्या स्टुलावर काठ्यांची छोटी चौकट बांधावी, तिला दोरीने नट टांगावा, त्याला झोका द्यावा आणि स्टूल हळू फिरवावे. चौकट फिरते, झोक्याची दिशा मात्र खोलीच्या भिंतींच्या संदर्भात तशीच राहते.

दार कोणासाठी?

आता पुन्हा चौथ्या प्रश्नाकडे येऊ. आवार राज्यकर्त्यांकडून विद्यापीठाकडे आले म्हणून ते आपोआप सर्वांचे होत नाही. संशोधनसंस्थांच्या भिंतीही सामान्य माणसाला उंच वाटू शकतात. आयुकाने सुरुवातीपासून याची जाण ठेवली. महिन्यातल्या एका शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्याने आणि प्रात्यक्षिके सुरू झाली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी दारे सगळ्यांसाठी उघडली जाऊ लागली. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानने दिलेल्या देणगीतून मुलांसाठी 'मुक्तांगण' विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथे अरविंद गुप्ता यांनी काड्यापेट्या, सायकलच्या नळ्या आणि रिकाम्या रिफिलींतून विज्ञानाची खेळणी करून दाखवली. नारळीकरांकडे मुले स्वाक्षरी मागायला गेली की ते म्हणत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत तशी पोस्टकार्डे जपून ठेवलेली असतील.

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. चौकटीत ही नोंद 'नामांतर' या एका शब्दात संपते. पण आपण १८९७ च्या दोन नोंदी लक्षात ठेवल्या आहेत. ज्या वर्षी या प्रासादात मेजवानी झाली, त्याच वर्षी त्याच प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना गेलेल्या शिक्षिकेचे नाव आज त्या दारावर आहे. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा तिथे शिकवायला जाताना त्यांना लोकांचा रोष सहन करावा लागला होता. प्रासादाच्या दारात त्यांना कोणी बोलावलेही नसते.

मात्र नावाने जबाबदारीही येते. दार किती उघडले आहे याचे मोजमाप दरवर्षी नव्याने करावे लागते. खेड्यातून पहिल्यांदा शहरात येणारा विद्यार्थी, घरातली पहिलीच पदवी घेणारी मुलगी, सरकारी शाळेची सहल, हे सगळे तिथे किती सहज वावरतात, ते पाहिले तर हे मोजमाप होईल. सनावळीत त्याची नोंद सापडणार नाही.

आपल्या शाळेचे आवार

हे सगळे पुण्याबाहेरच्या शिक्षकांनी का वाचावे? कारण असे आवार प्रत्येकाच्या गावात आहे, आणि ते म्हणजे आपली शाळा. आठवी-नववीच्या मुलांचे गट करून एका सत्रात पुढील काम सहज होईल.

१. शाळेच्या भिंतीचा, पायऱ्यांचा आणि जमिनीतला दगड कोणता, तो कुठून आला, याची नोंद करावी.

२. आवारातल्या मोठ्या झाडांच्या बुंध्यांचा घेर छातीच्या उंचीवर मोजून ठेवावा. दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावा. काही वर्षांनी वाढीचा वेग कळेल.

३. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून दर दहा वर्षांनी एकूण विद्यार्थी किती, मुली किती, किती गावांतून आले, याचे आलेख काढावेत. रजिस्टरमधली नावे बाहेर न आणता फक्त आकडे घ्यावेत.

४. शाळा होण्यापूर्वी ती जागा कोणाची होती, कशासाठी वापरली जात होती, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारावे. दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहावे आणि कागदपत्रे काय म्हणतात ते पाहावे.

५. शेवटी चौथा प्रश्न विचारावा. सुरुवातीला या शाळेत कोण येत नव्हते? ते कधी येऊ लागले? आज कोण येत नाही?

शेवटचा प्रश्न अवघड आहे. त्याचे उत्तर कदाचित शाळेला आवडणारही नाही. तरी तो मुलांनाच विचारू द्यावा. स्मरणिकेच्या चौकटीत मग एखादी ओळ नव्याने लिहिता येईल, आणि ती मुलांनी स्वतः शोधून काढलेली असेल.